नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत दोन वाक्प्रचार आहेत आणि त्यांच्यात फक्त एका मात्रेचा फरक आहे. मूल जन्मले की आपण त्याचे नाव ठेवतो. कुणाचे वागणे पटले नाही की आपण त्याला नावे ठेवतो. पहिल्यात माया आहे, दुसऱ्यात निंदा आहे. शरीराला आजार झाला की डॉक्टर त्या आजाराला नाव देतो आणि गोष्ट तिथेच थांबते. दमा, मधुमेह, मुतखडा ही नावे कागदावरच राहतात. मनाच्या आजाराचे तसे होत नाही. तिथे डॉक्टरने नाव दिले की दुसऱ्या दिवसापासून मोहल्ला नावे ठेवू लागतो. आपल्या भाषेचे व्याकरणही त्याला साथ देते. माणसाला दमा ‘असतो’, पण माणूस वेडा ‘आहे’. दमा त्याच्यापासून वेगळा राहतो. वेड मात्र त्याची ओळखच होऊन बसते.

म्हणून आम्हाला हा प्रश्न केवळ वैद्यकाचा वाटत नाही, तो नीतीचाही वाटतो. एका माणसाने दुसऱ्याच्या मनाला नाव द्यावे, हा अधिकार कुठून येतो? ते नाव देताना त्याला नेमके काय माहीत असते? आणि जेवढे माहीत असते त्यापेक्षा जास्त काम त्या नावाकडून करून घेतले तर तो अन्याय नाही काय? हे प्रश्न हवेतले नाहीत. त्या कागदावर निकाह जुळतो किंवा मोडतो, नोकरी राहते किंवा जाते, मूल आईकडे राहते किंवा हिरावले जाते. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने पत्नीला घटस्फोट मागण्याची जी कारणे दिली, त्यात पती दोन वर्षे वेडा असणे हेही एक कारण आहे. पण वेडा म्हणजे कोण, याची व्याख्या त्या कायद्यात नाही.

निदानाची पारख करायची तर दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. एक विश्वसनीयता, दुसरी यथार्थता. एकाच रुग्णाला दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तपासले आणि दोघांनी एकच नाव दिले, तर निदान विश्वसनीय. पण ते नाव ज्याचे आहे ती गोष्ट खरोखर अस्तित्वात आहे काय, ती इतर आजारांपासून वेगळी आहे काय, हा यथार्थतेचा प्रश्न. समजा, एखाद्या मोहल्ल्यात सगळी घड्याळे एकमेकांवरून लावलेली आहेत. मशिदीतले, हॉटेलातले, शाळेतले. सगळ्यांत एकच वेळ दिसते. याला विश्वसनीयता म्हणावे. पण ती सगळीच दहा मिनिटे पुढे असतील तर? सूर्य मावळण्याआधीच इफ्तार होईल आणि कुणाला शंकाही येणार नाही. घड्याळांचे एकमेकांशी जुळणे वेगळे आणि सूर्याशी जुळणे वेगळे. पहिल्यावाचून दुसरे अवघड आहे, कारण प्रत्येक घड्याळ निराळी वेळ दाखवू लागले तर ती सगळीच बरोबर असणे शक्य नाही. पण पहिले साधले म्हणजे दुसरे आपोआप साधले असे होत नाही. मनोविकारांच्या वर्गीकरणाचा गेल्या अर्धशतकाचा इतिहास म्हणजे घड्याळे जुळवण्याचा इतिहास आहे. सूर्य अजून ढगाआड आहे.

१९६० च्या दशकात घड्याळेही जुळत नव्हती. न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयांत स्किझोफ्रेनियाचे रुग्ण लंडनपेक्षा कितीतरी जास्त दिसत. अमेरिकेच्या हवापाण्यात असे काय आहे, हा प्रश्न मग साहजिकच होता. दोन्ही देशांच्या अभ्यासकांनी मिळून दोन्ही शहरांतले रुग्ण एकाच पद्धतीने, तेच ठरावीक प्रश्न विचारून तपासले. १९७२ मध्ये त्याचे निष्कर्ष पुस्तकरूपाने आले. रुग्णांतला फरक बहुतांशी नाहीसा झाला होता. फरक डॉक्टरांत होता. न्यूयॉर्कचा डॉक्टर ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणे, त्यातल्या अनेकांना लंडनचा डॉक्टर नैराश्य किंवा उन्माद म्हणे. म्हणजे अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजात बसले की रुग्णाचा आजार बदलत असे!

पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, डेव्हिड रोझेनहान या मानसशास्त्रज्ञाचा लेख ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. आठ धडधाकट माणसे बारा रुग्णालयांत गेली, आवाज ऐकू येतात एवढीच एक खोटी तक्रार केली, आणि सर्वांना दाखल करून घेण्यात आले, असे त्यात म्हटले होते. आत गेल्यावर ती नेहमीसारखी वागली तरी सरासरी १९ दिवस त्यांना ठेवून घेतले गेले. या लेखाने खळबळ उडाली. पण न्यायाने हेही सांगितले पाहिजे की २०१९ मध्ये सुझाना कॅहलन या पत्रकार लेखिकेने आपल्या पुस्तकात या प्रयोगाच्या नोंदींतल्या गंभीर विसंगती पुढे आणल्या. प्रयोग सांगितला तसा झाला काय, याबद्दलच आज शंका आहे. मानसोपचारावर टीका करणाऱ्यांनी तो लेख पन्नास वर्षे वापरला. पुरावा आपल्या बाजूचा असला की तो तपासायचा नाही, हा दोष फक्त डॉक्टरांचा नाही.

या गोंधळावर अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने काढलेला तोडगा म्हणजे १९८० ची ‘डीएसएम’ ची तिसरी आवृत्ती. डीएसएम म्हणजे मनोविकारांची निदान-पुस्तिका. १९५२ आणि १९६८ च्या पहिल्या दोन आवृत्त्यांत आजारांची वर्णने ढोबळ होती. रॉबर्ट स्पिट्झर यांच्या नेतृत्वाखाली तिसऱ्या आवृत्तीने प्रत्येक आजाराला निकषांची यादी दिली. कारणांविषयी शक्यतो बोलायचे नाही, दिसते तेवढे मोजायचे, असे धोरण ठरले. उदाहरणार्थ, आजच्या पुस्तिकेप्रमाणे तीव्र नैराश्याची नऊ लक्षणे आहेत. त्यांपैकी किमान पाच दोन आठवडे हवीत, आणि त्या पाचांत उदासी किंवा कशातच रस न वाटणे यांपैकी एक तरी हवे. जागतिक आरोग्य संघटनेची ‘आयसीडी’ ही दुसरी मोठी सूची. तिची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि २०२२ पासून अमलात आली. भारतातले डॉक्टर मुख्यतः आयसीडीच वापरतात.

याद्या आल्या, पण त्यांनी घड्याळे किती जुळली? ते मोजण्यासाठी ‘कप्पा’ नावाचा आकडा वापरतात. दोन डॉक्टरांचे मत केवळ योगायोगाने जेवढे जुळेल तेवढेच जुळले तर कप्पा शून्य, आणि पूर्ण जुळले तर एक. डीएसएमची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये आली. त्याआधी अमेरिका आणि कॅनडातल्या रुग्णालयांत नेहमीच्या डॉक्टरांकरवी तिची चाचणी झाली. स्मृतिभ्रंशासारख्या गंभीर बौद्धिक ऱ्हासाच्या निदानाचा कप्पा ०.७८ आला. आघातानंतरच्या तणाव-विकाराचा ०.६७, स्किझोफ्रेनियाचा ०.४६. आणि ज्या आजाराचे नाव आज सर्वांच्या तोंडी आहे त्या तीव्र नैराश्याचा कप्पा आला ०.२८. सततच्या चिंताविकाराचा तर ०.२० च. आयोजकांनी आधीच म्हटले होते की ०.२ ते ०.४ एवढा कप्पाही चालवून घेण्याजोगा आहे. टीकाकार म्हणाले, हे म्हणजे परीक्षेआधीच उत्तीर्णतेचे गुण कमी करणे झाले.

यात डॉक्टरांचा आळस शोधू नये. नैराश्याच्या निकषांचाच हिशेब करून पाहावा. नऊपैकी किमान पाच लक्षणे आणि त्यात मुख्य दोनपैकी एक, या अटी २२७ वेगवेगळ्या प्रकारे पूर्ण होऊ शकतात. एकाला झोप नाही, भूक नाही, वजन घटते आहे. दुसरा दिवसभर झोपतो आणि खात सुटतो. दोघांच्या कागदावर नाव एकच. पाच-पाच लक्षणे असलेल्या दोन रुग्णांत अवघे एकच लक्षण समान असणेही शक्य आहे. ही एका आजाराची दोन रूपे आहेत की दोन आजारांना दिलेले एक नाव? यादी याचे उत्तर देऊ शकत नाही. इथे विश्वसनीयतेचा प्रश्न संपतो आणि यथार्थतेचा सुरू होतो.

यथार्थता कशी तपासायची, याचा एक मार्ग रॉबिन्स आणि गूझ या दोन अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९७० मध्ये सांगितला होता. आजाराचे स्पष्ट वर्णन हवे, प्रयोगशाळेतला पुरावा हवा, शेजारच्या आजारांपासून सीमारेषा हवी, पुढे रुग्णाचे काय होते त्यात सारखेपणा हवा आणि कुटुंबांत तो कसा उतरतो हे दिसायला हवे. कसोटी चांगली होती. पण बहुतेक मनोविकारांसाठी निदान करणारी रक्ताची तपासणी आजही नाही. मेंदूचा फोटो काढून हा स्किझोफ्रेनिया आणि हा बायपोलर, असे सांगता येत नाही. उलट गेल्या काही वर्षांच्या जनुकीय अभ्यासांनी दाखवले की या दोन आजारांचे आनुवंशिक धोके बऱ्याच अंशी एकच आहेत. पुस्तिकेत त्यांची प्रकरणे वेगळी आहेत. निसर्गाला ती प्रकरणे माहीत नाहीत. २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचे तेव्हाचे संचालक थॉमस इन्सेल यांनी जाहीरपणे सांगितले की डीएसएमचे बळ विश्वसनीयतेत आहे आणि तिची उणीव यथार्थतेत.

ढगाआडचा सूर्य दिसला की काय होते, याचे एक जुने उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या वेड्यांच्या इस्पितळांत एक विशिष्ट वेड फार आढळे. थोरपणाचे भास, मग हातापायांतली शक्ती जाणे आणि शेवटी मृत्यू. १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू दाखवले. पुढे पेनिसिलिन आले आणि तो आजार जवळपास नाहीसा झाला. तिथे नाव यथार्थ ठरले, कारण नावामागची वस्तू सापडली. आज आपण ज्याला नैराश्य म्हणतो ते कदाचित पूर्वीच्या ‘तापा’सारखे असेल. ताप खोटा नसतो, तापाने माणूस मरतोही. पण ताप हा एक आजार नव्हे. मलेरिया, टायफॉईड, क्षय असे अनेक आजार त्या एका शब्दात कोंबलेले होते.

नावामागची वस्तू सापडलेली नसली की मोकळ्या जागेत समाजाचे पूर्वग्रह शिरतात. १८५१ मध्ये सॅम्युएल कार्टराइट या अमेरिकन डॉक्टराने पळून जाणाऱ्या काळ्या गुलामांना ‘ड्रेपटोमेनिया’ हा मनोविकार होतो असे मांडले. गुलामाला स्वातंत्र्य हवेसे वाटणे हाच आजार! सोव्हिएत रशियात सरकारविरुद्ध बोलणाऱ्यांना ‘मंदगती स्किझोफ्रेनिया’ असल्याचे ठरवून इस्पितळात कोंडले जाई. आंतरराष्ट्रीय निषेध वाढला आणि हकालपट्टी होण्याआधीच १९८३ मध्ये सोव्हिएत संघटना जागतिक मनोविकार संघटनेतून बाहेर पडली. १९७३ मध्ये अमेरिकन संघटनेच्या विश्वस्तांनी समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढले. पुढच्या वर्षी सभासदांचे मतदान झाले आणि ५,८५४ विरुद्ध ३,८१० मतांनी तो निर्णय कायम राहिला. या विषयावर आमच्या वाचकांची धार्मिक वा सामाजिक मते काहीही असोत, एवढे मान्य व्हावे की मधुमेह हा आजार आहे की नाही हे मतदानाने ठरत नाही. आम्हाला एखादी गोष्ट अमान्य आहे आणि एखादी गोष्ट आजार आहे, ही दोन वाक्ये वेगळी आहेत. पहिल्याला दुसऱ्याचा अंगरखा घातला की जुलूम सोपा होतो.

इथवर वाचून आपल्यातल्या काहींना समाधान वाटेल. पाहा, डॉक्टरांनाच कळत नाही, आमचे आमिल आणि ताविजच बरे! त्यांना आम्ही आमचीच कसोटी आमच्या मोहल्ल्याला लावायला सांगतो. लग्नानंतर सहा महिन्यांनी सून गप्प झाली, जेवेना, रात्री उठून बसू लागली. सासू म्हणते असर झालाय. शेजारची खाला म्हणते असरच. आमिलसाहेब अंगारा फुंकून तेच सांगतात. तिघांचे मत शंभर टक्के जुळले. कप्पा मोजला तर एक येईल. जगातल्या कुठल्याही डॉक्टरांना हेवा वाटावा अशी विश्वसनीयता! पण घड्याळे एकमेकांवरून लावलेली आहेत. सुनेला कुणी विचारलेच नाही की बाई, तुला काय होते आहे, या घरात तुझ्याशी कोण कसे वागते.

या निदानाची किंमत आपण मोजलेली आहे. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तामिळनाडूत एरवाडी इथे दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी आश्रमाला आग लागली. साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यांना पळता आले नाही. दर्ग्यावर जाणाऱ्यांची श्रद्धा आम्ही हसण्यावारी नेत नाही. दुःखी माणसाला जिथे बसावेसे वाटते तिथे त्याने बसावे. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून दवा आणि दुआ शेजारी शेजारी ठेवण्याचा प्रयत्न झाला. मुजावर रुग्णाला दुआही देतात आणि आवारातल्या डॉक्टरकडेही पाठवतात. श्रद्धा आणि साखळदंड एकच नव्हेत, हे त्यातून दिसते. निदानाबद्दलची शंका हे साखळदंडाकडे परतण्याचे निमित्त होता कामा नये.

शिवाय आजारांचे वर्गीकरण ही काही पश्चिमेचीच चीज नाही. बल्खचा अबू झैद अल-बल्खी ९३४ मध्ये वारला. शरीर आणि मन यांच्या आरोग्यावरच्या आपल्या ग्रंथात त्याने दुःखाचे दोन प्रकार केले. एक, ज्याचे कारण माहीत आहे. माणूस गेला, धन गेले. दुसरे, ज्याचे कारणच सांगता येत नाही, तरी माणूस खचून जातो. पहिल्यावर त्याने समजुतीच्या विचारांचा उपाय सांगितला. दुसऱ्याचे मूळ त्याने शरीरात मानले आणि शरीरावरचे उपचारही सांगितले. त्याच्यानंतरच्या शतकात इब्न सीनाने विषादरोगावर लिहिताना काही वैद्य याचे कारण जिन मानतात अशी नोंद केली. जिन असो वा नसो, वैद्यक शिकताना आम्हाला त्याची पर्वा नाही, शरीरात जो बिघाड होतो त्यावर इलाज करायचा, अशी त्याची भूमिका होती. एक हजार वर्षांपूर्वीचा हकीम आमच्या आजच्या आमिलापेक्षा पुढे होता, ही अभिमानाची गोष्ट आहे की शरमेची, हे वाचकांनी ठरवावे.

अल-बल्खीने केलेली ती विभागणी आजही वादाचा विषय आहे. शोक कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो? डीएसएमच्या १९९४ च्या आवृत्तीत सूट होती, की जवळचे माणूस गेल्यावर साधारण दोन महिने नैराश्याचे निदान घाईने करू नये. २०१३ मध्ये ती सूट काढली. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत ‘दीर्घकाळ लांबलेला शोक’ हा नवाच विकार आला. त्यात प्रौढांसाठी मर्यादा बारा महिन्यांची. आयसीडीच्या अकराव्या आवृत्तीत ती किमान सहा महिन्यांची आहे, आणि तो शोक त्या व्यक्तीच्या समाजाच्या, संस्कृतीच्या व धर्माच्या रीतीपेक्षा स्पष्टपणे जास्त असावा अशीही अट आहे. दोन महिने, सहा महिने, बारा महिने. हे आकडे निसर्गात लिहिलेले नाहीत. माणसांनी बसून ठरवले आहेत. आपल्याकडे विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची. ते आजाराचे माप नव्हे, पण दुःखाला वेळ द्यावा लागतो, एवढे शहाणपण त्या प्रथेतही आहे. आयसीडीची अट चांगली आहे. पण ती पाळायची तर डॉक्टरला समोरच्या बाईच्या घरची रीत माहीत हवी. निदान तिला विचारण्याइतका वेळ तरी हवा. सरकारी ओपीडीत दाराबाहेर पन्नास माणसे असताना तो वेळ कुठून आणायचा?

भाषेचाही प्रश्न आहे. मराठवाड्यातली एखादी बाई ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत नाही. ती म्हणते, छातीत धडधडते, अंगाची आग होते, जीव घाबरतो, डोक्यात मुंग्या येतात. आर्थर क्लाइनमन या मनोविकारतज्ज्ञाने चीनमध्ये हेच पाहिले. तिथले रुग्ण थकवा, डोकेदुखी, चक्कर सांगत आणि त्यांच्या आजाराला मज्जादौर्बल्य म्हणत. त्यातल्या बहुतेकांना अमेरिकन निकष लावले तर नैराश्य निघे. मग खरे नाव कोणते? क्लाइनमनने १९७७ मध्येच इशारा दिला होता की एका संस्कृतीत बनवलेला साचा दुसरीकडे नेला आणि त्यात बसणारी माणसे सापडली, एवढ्याने तो साचा तिथे खरा ठरत नाही. दुसरीकडे, जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकात नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा अभ्यास सुरू केला. त्यात आपले आग्राही होते. ठरावीक पद्धतीने तपासले तर या आजाराचे रुग्ण सर्वत्र सापडतात, हे त्यातून दिसले. म्हणजे हे सारे पश्चिमेचे थोतांड, हेही खरे नाही. पण पाठपुराव्यात विकसनशील देशांतल्या रुग्णांची स्थिती अनेक बाबतींत श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा बरी आढळली. त्याच्या कारणांवर अजून वाद आहे. तरी नाव सारखे असले म्हणजे नशीब सारखे नसते, एवढे त्यातून घेता येते.

मग नावच देऊ नये काय? आम्हाला तसे वाटत नाही. नाव नसते तर बायपोलरच्या रुग्णाला लिथियम कुणी आणि कशाच्या आधारावर दिले असते? १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी ते उन्मादाच्या रुग्णांना दिले आणि पुढे असंख्य घरे सावरली. नाव नसते तर अपंगत्वाचा दाखला नाही, सवलत नाही, औषध नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अनेकदा नाव मिळते तेव्हाच नावे ठेवणे थांबते. ‘कामचोर आहे’, ‘लाडावून ठेवलीय’, ‘नमाज पढत नाही म्हणून असे होते’ या वाक्यांखाली वर्षानुवर्षे दबलेल्या माणसाला कुणी सांगितले की हा आजार आहे, तुझा गुन्हा नव्हे, तर ते नाव त्याला पांघरुणासारखे वाटते. केंडेल आणि याब्लेन्स्की या अभ्यासकांनी २००३ मध्ये हाच भेद केला. बहुतेक मनोविकारांची नावे यथार्थ ठरलेली नाहीत, पण त्यांतली अनेक उपयुक्त आहेत. उपयुक्त असणे आणि खरे असणे, यांत गल्लत करू नये.

आमच्या मते नैतिक प्रश्नाची किल्ली इथे आहे. यकीन आणि गुमान यांतला फरक आपल्या बोलीत मुरलेला आहे. यकीन नसले तरी बळकट गुमानावर माणसाला वागावेच लागते. डॉक्टरलाही. रुग्ण समोर तडफडत असताना जनुके उलगडेपर्यंत थांबा, असे म्हणता येत नाही. पण गुमानावर काय काय करावे याला मर्यादा हव्यात. औषध सुरू करायला जेवढी खात्री पुरते तेवढी निकाह मोडायला पुरत नाही. औषध चुकले तर बदलता येते. मोडलेले घर, गेलेले मूल, हिरावलेला जमिनीचा हिस्सा बदलून मिळत नाही. जेवढा पुरावा तेवढाच अधिकार. एकच नाव दवाखान्यात पुरेसे असेल आणि कचेरीत, जमातीच्या बैठकीत, स्थळ पाहताना मुळीच पुरेसे नसेल.

आपल्या न्यायव्यवस्थेने हे काही अंशी ओळखले आहे. १९८८ मध्ये राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या हिंदू विवाह कायद्याखालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्किझोफ्रेनियाचा शिक्का एवढ्यावर घटस्फोट देता येत नाही. आजाराची तीव्रता किती आणि त्याने संसार खरोखर अशक्य होतो काय, हे पाहिले पाहिजे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू झाला. तो म्हणतो की मानसिक आजार आहे की नाही हे आयसीडीसारख्या मान्य वैद्यकीय मानकांनुसारच ठरवावे. कुणाचा धर्म, जात, राजकीय वा आर्थिक स्थिती, किंवा समाजाच्या नैतिक-सांस्कृतिक चालीशी न जुळणे, हा आधार धरू नये. आणि मानसिक आजार ठरला म्हणजे तो माणूस आपोआप विकलचित्त ठरला असे नाही, ते सक्षम न्यायालयाने ठरवायचे. म्हणजे ज्या याद्यांच्या उणिवा आम्ही वर सांगितल्या त्यांवरच कायदा उभा आहे, पण त्यांना किती वजन द्यायचे याला त्याने बांध घातला आहे. याद्या अपुऱ्या आहेत म्हणूनच तो बांध मोलाचा आहे.

कायदा कचेरीपर्यंत पोहोचतो, मोहल्ल्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. मोहल्ल्यात याची किंमत सर्वांत जास्त बाई मोजते. मुलाला आजार असेल तर लग्न केले की बरा होईल म्हणून तो लपवला जातो आणि एका अजाण मुलीच्या पदरात बांधला जातो. मुलीला आजार असेल, किंवा कधी काळी एकदा झोपेच्या गोळ्या घेतल्याची चिठ्ठी सापडली, तर ती चिठ्ठी तलाकच्या वेळी, मुलाच्या ताब्याच्या वेळी, वारशाच्या वेळी पेटीतून बाहेर येते. तेव्हा कुणी विचारत नाही की हे निदान कुणी केले, किती मिनिटांत केले, आज ते लागू आहे काय. सासर जे ठेवते ते आजाराचे नाव नसते, ती ठेवलेली नावे असतात. २०१७ च्या कायद्याने स्पष्ट म्हटले आहे की पूर्वी उपचार घेतले होते एवढ्यावरून आजचा आजार ठरत नाही. ही ओळ आमच्या मोहल्ला कमित्यांच्या भिंतींवर लिहून ठेवण्याजोगी आहे.

डॉक्टरांकडे आमचे मागणे छोटे आहे. नाव सांगताना त्यांनी एवढे जोडावे, की आज दिसते त्यावरून आम्ही याला असे म्हणतो, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. अशाने त्यांचा मान कमी होणार नाही. खोट्या खात्रीपेक्षा खऱ्या अंदाजावर माणूस जास्त भरवसा ठेवतो. घरच्यांनी ते नाव अमानत समजावे, म्हणजे ज्याची त्याला विचारल्याशिवाय ते इतरांच्या हाती देऊ नये. आणि आपण सगळ्यांनी, कुणी ‘तिला ते आहे’ असे कुजबुजत सांगू लागले की दोन प्रश्न विचारण्याची सवय लावावी. कशावरून म्हणता? आणि मला कशासाठी सांगता? पहिल्या प्रश्नाचे पुरे उत्तर आज जगातल्या कुठल्याही पुस्तिकेपाशी नाही. दुसऱ्याचे उत्तर मात्र सांगणाऱ्यापाशी नक्की असते, आणि ते द्यायला तो बहुधा तयार नसतो.